तिसरी स्पर्धक

दुर्गाघाटावरच्या शरदिनी पायगुंडेने आयुष्यात एकही ट्रायथलॉन पुरी केली नव्हती, आणि तरीही बनारसमध्ये ट्रायथलॉन शिकवणारं तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आधी पोहायचं, पाण्याबाहेर आलं की तशाच ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल टाकली की पळत सुटायचं, मधे विसावा नाही. हा सगळा प्रकार ती समजावून सांगायला लागली की गल्लीतला पानवाला मान हलवत ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "मगर बहनजी, जाना कहाँ है?"

जायचं कुठे, हे शरदिनीलाही नीट सांगता आलं नसतं. पण निघायची ओढ लहानपणापासूनची होती. तिचे वडील पौरोहित्य करायचे. मुलीची पाण्याची भीती जावी म्हणून त्यांनी तिला पाठीवर घेऊन गंगेत नेलं, आणि भीती अशी गेली की पुढे तिला पाण्याबाहेर काढणं हेच घरच्यांचं काम होऊन बसलं. शाळेत असतानाच ती पलीकडच्या रेतीला हात लावून परत यायची. कॉलेजात असताना शहरात नदीतून लांब पोहण्याची शर्यत झाली. मुलींना प्रवेश नव्हता. शरदिनी शेवटच्या नावेच्या मागून गुपचूप पाण्यात उतरली आणि सगळं अंतर पोहून गेली. तिचं नाव कुणी लिहून घेतलं नाही. काठावरच्या कुणीतरी "पागल है" म्हटलं, ते मात्र तिने ऐकलं होतं.

मग लग्न झालं. नवरा नीलकंठ ब्रह्माघाटाजवळच्या पाठशाळेत ऋग्वेद शिकवायचा. शरदिनीला मुलींच्या शाळेत पी.टी.च्या शिक्षिकेची नोकरी लागली, मुलगा निनाद झाला, तो वाढला, शिकायला पुण्याला गेला. अशात एक दिवस शाळेच्या लायब्ररीत जुनी साप्ताहिकं चाळताना तिला एक फोटो दिसला. कुठल्याशा परदेशी समुद्रातून एक बाई बाहेर येत होती, केसांतून पाणी निथळत होतं, आणि ती काठावर उभ्या केलेल्या सायकलीकडे धावत होती. शरदिनी त्या पानापाशी मधली सुट्टी संपेपर्यंत बसून राहिली. पुढच्या महिन्यात तिने जुनी रेसिंग सायकल विकत घेतली.

दुर्गाघाटाच्या गल्लीत सायकल चालवणं अशक्य. पायऱ्या, वळणं, आडव्या बसलेल्या गाई. ती पहाटे सायकल खांद्यावर घेऊन मैदागिनच्या चौकापर्यंत चालत जायची आणि तिथून पुढे राजघाटाच्या पुलाकडे सुटायची. उजव्या खांद्याला कायमचा घट्टा पडला. चाळिशी उलटली तेव्हा मद्रासच्या स्पर्धेला गेली. समुद्रातलं पोहणं पार पाडलं, सायकलवर बसली, आणि अर्ध्या वाटेत ऊन लागून रस्त्यावरच कोसळली. शुद्धीवर आली ती दवाखान्यात. घरी परतल्यावर नीलकंठ म्हणाला, "आता पुरे झालं ना?" आठवड्याभरात सायकल पुन्हा खांद्यावर चढली.

त्यानंतर ती मुलींना शिकवायला लागली. शेजारच्या खेडकरांची ईशानी, पोहण्यात जरा कच्ची पण पळायला हरणासारखी. नावाड्याची बिंदू, पाण्यातच वाढलेली, पण सायकलला बिचकणारी. आणि तिघींत सगळ्यात दमदार अशी अन्नपूर्णा, ब्रह्माघाटावरच्या एका शास्त्रीबुवांची पुतणी. स्टेडियमवरचे प्रशिक्षक हसायचे. जिने स्वतः रेस पुरी केली नाही, ती काय शिकवणार? शरदिनीला ते लागायचं. पण बोलणाऱ्यांचं चुकीचंही नव्हतं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत जिल्हा संघटनेने बनारसमधली पहिली ट्रायथलॉन ठरवली. सगळं पलीकडच्या काठावर होणार होतं. रामनगरच्या किल्ल्यापासून रेतीच्या कडेकडेने खाली पोहायचं, मग रामनगर ते पडाव या गावांमधल्या रस्त्यावर सायकलच्या फेऱ्या आणि शेवटी रेतीत पळणं. यातून राज्याच्या संघासाठी निवड होणार होती. महिलांसाठी एक अट होती. कमीत कमी तिघी स्पर्धेला उभ्या राहिल्या तरच महिलांचा गट होईल.

आदल्या दिवशी संध्याकाळी अन्नपूर्णाचे काका दारात आले.

"शरदिनी, उद्या पोरीला जमायचं नाही," ते म्हणाले. "इंदूरची मंडळी येतायत बघायला."

"काका, दुपारपर्यंत शर्यत संपेल. मी स्वतः घरी आणून सोडते तिला."

"आणि काय, रापलेल्या तोंडाने पोहे देईल ती त्यांना? तू समजूतदार आहेस, हट्ट करू नकोस."

अन्नपूर्णा त्यांच्यामागे उभी होती. तिने वर बघितलं नाही. दोघं गेल्यावर ईशानी आतून बाहेर आली. सकाळच्या तयारीसाठी ती तिथेच थांबली होती.

"मावशी, म्हणजे उद्या कॅन्सल? मैं तो कब से..."

शरदिनी उंबऱ्यापाशीच उभी राहिली. शहरात हे शिकलेली तिसरी मुलगी नव्हती. एका रात्रीत कुठून आणणार? मग तिला एकदम हसू आलं.

"तिघी हव्यात ना? तिघी आहोत आपण," ती म्हणाली.

जेवताना तिने नीलकंठला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "अगं, मद्रासला काय झालं ते विसरलीस? सेहेचाळीस वर्षांची आहेस तू. शरीराला असं उगाच शिणवून मिळवायचं काय?"

"तुम्ही ऋग्वेदाचं घनपारायण केलंत तेव्हा महिनोन् महिने रोज पहाटेपासून बसत होतात. घसा फुटून रक्त आलं होतं तुमचा. ते कशासाठी होतं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

नीलकंठने विचार केला. मन लावून केला, कारण तो माणूस उत्तर द्यायचं म्हणून देणाऱ्यांतला नव्हता. "मधेच सोडवेना," तो शेवटी म्हणाला.

"झालं तर मग," असं म्हणून शरदिनीने त्याला भात वाढला.

सकाळी नदीवर धुकं होतं. पाण्यात काठाशी उभं राहिलं तरी पोटऱ्यांना कळ येत होती. संघटनेचे सचिव हातात शिट्टी घेऊन तिच्याजवळ आले. भला माणूस होता, त्याला गट रद्द करायचा नव्हता.

"मैडम, आप बस पानी में उतर जाइए, गिनती पूरी हो जाएगी," ते हळूच म्हणाले. "फिर हमारी नाव में बैठ जाइएगा."

"बैठूँगी नहीं," शरदिनी म्हणाली.

शिट्टी झाली. पुरुष आधी सुटले होते, मागून या तिघी. बिंदू बघता बघता धुक्यात नाहीशी झाली. शरदिनीचा श्वास पहिल्यांदा अडकला, थंडीने छाती आवळली गेली, आणि क्षणभर तिला मद्रासचा डांबरी रस्ता दिसला. तिने तोंड वर काढलं. नाव शेजारीच होती आणि नावेतला माणूस हात पुढे करून बसला होता. तिने डोकं पुन्हा पाण्यात घातलं. ज्या नदीत आपण वाढलो तिच्यात घाबरायचं म्हणजे काय, असं तिने स्वतःलाच झापलं. हळूहळू हात लयीत पडले आणि पुढचं अंतर कसं गेलं ते कळलं नाही.

बाहेर आली तेव्हा तिच्या सायकलशेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. मुली पुढे गेल्या होत्या, पोहण्यात कच्ची ईशानीसुद्धा. ते बघूनच तिला बरं वाटलं.

पडावच्या रस्त्यावर ऊन वर आलं. वीटभट्ट्यांचे ट्रक, बैलगाड्या, कडेला कुतूहलाने उभी राहिलेली माणसं. समोरून परतणारी ईशानी दिसली, हँडलवर वाकलेली, दात ओठांत रुतलेले. तिने मावशीकडे बघितलंही नाही. असंच पाहिजे, शरदिनीच्या मनात आलं. तिने पायांचा जोर वाढवला. दुसऱ्या फेरीत, बाभळीच्या सावलीपाशी, बिंदू रस्त्याच्या कडेला बसलेली दिसली. सायकल आडवी, मागचं चाक बसलेलं, आणि पोरगी ढसाढसा रडत होती.

शरदिनी थांबली.

"दीदी, ट्यूब नहीं निकल रही. हाथ काँप रहे हैं."

सुटी ट्यूब बिंदूच्या कमरेला बांधलेली होती. शरदिनीने हे काम तिच्याकडून अंगणात कितीतरी वेळा करवून घेतलं होतं. आता ती स्वतः वाकली असती तर चाक बघता बघता बदलून झालं असतं. पण नियम साफ होता. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर बिंदू बाद. आणि शरदिनी इथे थांबून राहिली तर तिचीच वेळ जाणार होती. सायकलचा भाग ठरलेल्या वेळेत पुरा झाला नाही तर पुढे पळू देत नाहीत. मद्रासनंतर इतक्या वर्षांनी ती पुन्हा स्पर्धेत सायकलवर बसली होती, पाय चांगले चालत होते, छाती मोकळी होती. ही संधी पुन्हा कधी येणार होती?

रस्ता समोर रिकामा पडला होता. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सायकलवरून खाली उतरली.

"रोना बंद," ती वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली. "मैं हाथ नहीं लगाऊँगी. पहले चक्का निकाल. हाँ. अब टायर का किनारा दबा. अंगूठे से नहीं, हथेली से."

टायर दोनदा निसटला. शरदिनी पाठीमागे हात बांधून उभी राहिली, कारण ते मोकळे राहिले असते तर पुढे गेलेच असते. पुरुषांतला शेवटचा स्पर्धकही शेजारून निघून गेला. अखेर ट्यूब आत बसली, बिंदूने पंपाने हवा भरली, नाक पुसलं आणि उडी मारून सायकलवर बसली.

"आप भी चलिए दीदी!"

"तू भाग!"

बिंदू गेली. शरदिनी मागून निघाली तेव्हा थांबून थांबून पाय लाकडासारखे झाले होते. सायकल ठेवायच्या जागेवर ती पोहोचली ती वेळ संपता संपता. तिथला पंच घड्याळाकडे बघत होता. त्याने ओठ चावला आणि हाताने पुढे जायची खूण केली.

मग रेती. ती या रेतीत लहानपणापासून पळत आली होती. पाय कुठे ठेवला तर रुतत नाही, ओलसर पट्टा कुठून जातो, सगळं तिला ठाऊक होतं. पण अर्ध्या वाटेत उजव्या पोटरीत असा गोळा आला की ती ओरडून गुडघ्यावर बसली. पोटरी चोळली, उठली, पुन्हा बसली. नदीपलीकडे सगळे घाट उन्हात उजळले होते आणि मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर सरळ वर चालला होता. मागून जीप आली. सचिव स्वतः खाली उतरले.

"मैडम, टाइम खत्म हो गया. दोनों लड़कियाँ पहुँच गईं, ईशानी पहली है. आपका काम हो गया, आइए, बैठिए."

"ईशानी पहली?"

"जी. अब तो बैठिए."

शरदिनी उभी राहिली. "अब अपना काम कर रही हूँ," ती म्हणाली आणि लंगडत चालायला लागली.

जीप थोडा वेळ मागून आली, मग पुढे निघून गेली. तेव्हा तिला डाव्या बाजूने कुणीतरी चालताना दिसलं. धोतर खोचलेलं, अनवाणी, डोक्यावर पंचा. नीलकंठ होता. सकाळचा पाठ उरकून नावेने पलीकडे आलेला. तो दहा हात अंतर राखून चालत होता. तिला हात लावायचा नाही एवढं त्याला ईशानीने बजावून ठेवलं होतं.

"पाणी हवंय?" त्याने विचारलं.

"नको. बाद करतील."

"वेळ तर केव्हाच संपली म्हणतात."

"संपू दे."

थोड्या वेळाने तिने चालण्याचं पळणं केलं, तसा तोही धोतर सावरत पळायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच पळत असावा, इतका वाईट पळत होता. शरदिनीला दुखण्यातही हसू फुटलं.

शेवटच्या रेषेवरचा कापडी फलक उतरवला होता आणि बांबू नावेत भरले जात होते. पण ईशानीने टाचेने रेतीत रेघ ओढून ठेवली होती. रेघेच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला बिंदू, अशा दोघी उभ्या होत्या. शरदिनी ती रेघ ओलांडून पालथी पडली. तोंडात रेती गेली. बिंदू तिच्या पाठीवर डोकं ठेवून रडायला लागली आणि ईशानी वेड्यासारखी ओरडत सुटली.

सचिव जवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात चहाचा कुल्हड होता, तो त्यांनी तिच्यापुढे धरला. "मैडम, रिज़ल्ट में तो 'अपूर्ण' ही लिखना पड़ेगा. नियम है."

"लिखिए," ती म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते वाटणं फार लहान होतं, आणि चहा गरम होता.

परतीच्या नावेत दोन्ही मुली दमून झोपल्या होत्या. नीलकंठ तिची पोटरी चोळत होता, चारचौघांत, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"नाही," शरदिनी म्हणाली. "पोहताना सुरुवातीला उगाच घाबरले, तिथे वेळ गेला. आणि रेतीत पळायचा सराव कमी पडला. पुढच्या वर्षी आधीपासून..."

"शरदिनी."

"हं?"

"पोटरी सैल सोड आधी," नीलकंठ म्हणाला.

त्या वर्षी ईशानी राज्याच्या संघात गेली, बिंदू राखीव राहिली. अन्नपूर्णाचं लग्न इंदूरला झालं. तिथे ती पोहायला जाते, एवढीच बातमी पुढे कळली. पुढच्या हिवाळ्यात संघटनेची स्पर्धा पुन्हा झाली, तेव्हा महिलांच्या गटात सात जणी होत्या. तिघींची अट कुणाला आठवलीही नाही. शरदिनीला कुणी गिनतीसाठी बोलावलं नव्हतं, ती आपणहून उभी राहिली. सातांत सहावी आली, वेळेच्या आत, आणि सातव्या आलेल्या मुलीला तिची चूक कुठे झाली ते सांगत बसली.