नख उमटेल तेच शिसं

मित्रांनो, मी बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचा एक जुना लोखंडी साचा आहे. दिसायला सांडशीसारखा. दोन मुठी, दोन जबडे, आणि जबडे मिटले की आत बोराएवढी गोल पोकळी. वरच्या छिद्रातून वितळलेलं शिसं ओतायचं, निवलं की मला उघडायचं. एवढंच माझं काम.

यावलच्या एका लोहारानं मला घडवलं. सातपुड्याच्या पायथ्याशी शेती करणाऱ्या दिलवरसिंगांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी घालून लांब गजानं ती तळाशी बसवायची. त्या नळीच्या मापानंच माझी पोकळी कोरली गेली. दिलवरसिंग गेल्यावर परवाना त्यांच्या पत्नी दिवालीबाईंच्या नावावर झाला, आणि त्यावर पुतण्या ईश्वरचंही नाव लागलं.

दिवालीबाईंचा मला फार लळा. बहुतेक वेळा नुसत्या दारूचा बार काढून त्या जनावरं पळवून लावत. रानडुकरांनी फारच नासधूस केली आणि वनखात्याची लेखी परवानगी मिळाली, तरच गोळ्या ओतायच्या. त्याही घरापासून लांब, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. ओतण्याआधी त्या शिशाच्या तुकड्यावर अंगठ्याचं नख दाबत. खूण उमटली तरच तुकडा कढईत पडे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मका कणसात आला होता आणि रानडुकरांचा कळप रोज शेतात शिरत होता. परवानगीचा कागद हातात पडला, पण घरातलं शिसं संपलेलं. ईश्वर धरणगावला एका भंगारवाल्याची गाडी चालवायचा. तो एक जड पिशवी घेऊन आला. बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे होते ते. बारीक, चकचकीत, प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटं अक्षर.

"काकी, हे शिसंच आहे. छापखान्यातला माणूस म्हणाला."

दिवालीबाईंनी एका खिळ्यावर नख दाबलं. खूण उमटेना. त्यांनी तो दगडावर टाकला. टण्ण आवाज झाला.

"मऊ शिसं असं वाजत नाही रे. यात दुसरं काहीतरी मिसळलंय. नको हे."

त्या तालुक्याला गेल्या आणि ईश्वरनं चूल पेटवली. खरं सांगतो, मित्रांनो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. इतक्या गुळगुळीत, चांदीसारख्या गोळ्या माझ्यातून कधीच निघाल्या नव्हत्या. ईश्वरची बायको सुनिता पोटुशी होती, धूर नको म्हणून लांबूनच बघत होती. तीही म्हणाली, "किती देखण्या!"

दिवस कलताना ईश्वर बंदूक घेऊन बांधावर बसला. मी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. दारू घातली, गोळी घातली, गज दाबला. गोळी निम्म्यावर अडली. त्यानं दगडानं गज ठोकला, तरी ती हलेना. गोळी तळाला गेली की गजावरची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. ती हातभर वरच राहिली, म्हणजे दारू आणि गोळीच्या मध्ये मोकळी जागा उरली. तेवढ्यात मका हलला आणि मोठा सुळेवाला डुक्कर बाहेर आला. ईश्वरनं गज काढून फेकला, दारू पेटवणारी छोटी टोपी बसवली आणि तिच्यावर आदळणारा घोडा मागे ताणून धरला.

दिवालीबाई तालुक्याहून थेट शेतात आल्या होत्या. दगडाची ठोकाठोक त्यांनी ऐकली होती. त्या धावतच पोहोचल्या आणि ओरडल्या, "सोड ती! फुटेल!"

पण ईश्वरचं बोट दाबलं जातच होतं. दिवालीबाईंनी घोड्याखाली आपला अंगठा घातला. घोडा त्यावरच पडला. बार झाला नाही.

कळप त्या संध्याकाळी अर्धा मका लोळवून गेला. दोघांपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. दिवालीबाईंनी टोपी काढून टाकली आणि अंगठा पदरात गुंडाळला. ईश्वर बांधावर बसून रडत होता. पिशवीत मला माझ्या अभिमानाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या गिरधर नानांनी अडकलेली गोळी बाहेर काढली आणि मापली.

"हाई निव्वळ शिसं नही शे, भाऊ," ते ईश्वरला म्हणाले. "छापखानाना खिळा कडक ऱ्हातस. शिसं थंड व्हयनं का आकसस, हाई तितलं आकसत नही. म्हनीसन गोळी मोठी निंघनी. बार उडता तं नळी फुटी जाती. या माउलीनी तुले वाचाडं."

ईश्वर खाली वाकून काकीच्या पाया पडला. त्यांचा अंगठा सुजून काळा पडला होता.

"माझं नख आता महिना-दोन महिने कामाचं नाही," त्या म्हणाल्या. "तुझं वापर."

ईश्वर जळगावच्या भंगार बाजारात दिवसभर फिरला. एकानं जुन्या बॅटरीतल्या पट्ट्या पुढे केल्या. त्या तापवल्या तर विषारी धूर होतो, हे काकीकडून ऐकलेलं असल्यानं त्यानं हातही लावला नाही. शेवटी शिशाच्या जुन्या नळाचा तुकडा मिळाला. नख सहज रुतलं. दगडावर टाकला तर नुसतं थप्प झालं. त्या शिशाच्या गोळ्या मळकट दिसत होत्या, पण चिंधीसकट अलगद तळाशी गेल्या. एकच बार झाला, सुळेवाला पडला आणि बाकीचा कळप डोंगराकडे वळला. उरलेला मका घरी आला. न वितळवता उरलेले खिळे ईश्वरनं गावच्या शाळेत मुलांना दाखवायला दिले.

आता शेताभोवती जनावरांना विजेचा हलका धक्का देणारी झटका मशीनची तार आहे. गेल्या महिन्यात दिवालीबाईंनी बंदूक कायमची पोलीस ठाण्यात जमा केली. ईश्वरनं मला हातात घेऊन विचारलं, "काकी, याला भंगारात देऊ?"

"नको. ओतलं ते त्यानं इमानानं धरलं. चूक ओतणाऱ्याची. राहू दे घरात."

त्यांनी मला तेल लावलं आणि फडक्यात गुंडाळलं. मित्रांनो, लोखंडाला यापेक्षा अधिक काय हवं? माझं आयुष्य चांगल्या हातात गेलं, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. एकच विनंती करतो. तुमच्याही घरात जुनी अवजारं असतील. ती पुसून ठेवा. आणि ती वापरणारी माणसं अजून आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना विचारा. त्यांच्या हातांना ठाऊक असलेलं पुष्कळसं कुठेच लिहिलेलं नाही.