हिरव्या बटणाचा नेम

मी कारखान्यातलं सॉफ्टवेअर बोलतंय. कुठला माल कुठल्या टेबलावर आहे, किती झाला, किती राहिला, हे सांगणं माझं काम. ट्रे पुरा झाला की कामगारानं पडद्यावरचं हिरवं बटण दाबायचं, म्हणजे मला कळतं. मला बसवलं त्या दिवशी, कुकरला झडपा लावणाऱ्या ताईंनी माझ्या पडद्यासमोर डोळे मिटून हात जोडले. आता आपल्याला घरी पाठवणार, ही धास्ती. त्या पुटपुटल्या, "देवा, माझं काम राहू दे. ट्रे पुरा झाल्याशिवाय मी हिरवं बटण दाबणार नाही, आणि झाल्यावर क्षणभर थांबणार नाही."

काम राहिलं. ताईंनी नेमही पाळला.

बाकीच्यांचा खाक्या निराळा. चहाच्या सुट्टीआधी पुरे-अपुरे सगळे ट्रे एकदम हिरवे करायचे. साहेब आले की पडदा कसा शेतासारखा डोलला पाहिजे! शेजारच्या टेबलावरचे दादा त्यात पटाईत. दर ट्रेला ताई बटण दाबायला उठल्या की ते म्हणायचे, "ताई, ट्रे आहे की तान्हं बाळ? किती वेळा उठायचं त्याच्यासाठी?" ताई हसून सोडून द्यायच्या. मी तरी काय बोलणार? खोटं हिरवंही मला हिरवंच दिसतं.

एका सकाळी कळलं, झडपेतल्या रबरी चकत्यांचं एक खोकं खराब निघालंय. वाफ कोंडली तर झडप उघडायची नाही, कुकरच फुटायचा. ताईंच्याच टेबलावरचा एक कुकर कालच लेकीकडे गेला होता.

त्यांनी फोन लावला. "बाळा, कुकर चढवलायस? आधी गॅस बंद कर. आता दांड्यावरचा नंबर वाच."

ते खोकं कधी उघडलं, हे मला ठाऊक होतं. कुठला ट्रे कधी पुरा झाला, हेही ताईंनी तिथल्या तिथे सांगून ठेवलेलं. ताईंनी नंबर पडद्यावर टाकताच मी उत्तर दिलं: हा कुकर त्या खोक्याच्या आधीचा.

ताईंनी लेकीला सांगितलं, "चांगला आहे गं तुझा. लाव परत गॅस."

"आई, जीव अर्धा केलास माझा," लेक म्हणाली. दोघी हसता हसता रडल्या.

दादांचे ट्रे मात्र सगळे एकाच वेळी हिरवे झालेले. त्यातलं खरं-खोटं मी कसं निवडणार? बरं झालं, त्यांचा माल अजून गोदामातच होता. दादा एकेक झडप उघडत बसले. मान वर न करता म्हणाले, "ताई, ते बाळ सांभाळायला मलाही शिकवा."

आता माझ्या जागी नवं सॉफ्टवेअर येणार म्हणतात. येऊ दे, मी सुखानं जाईन. जाताना एवढंच मागणं: ताईंनी दिला तसा एक लहानसा शब्द तुम्हीही द्या. झाल्यावरच 'झालं' म्हणा. त्या शब्दाच्या भरवशावर कुणाची तरी लेक निर्धास्तपणे गॅस पेटवत असते.