भागीरथीच्या नसांचं अस्तर

भागीरथीचं रक्त किती दाट, याची गोष्ट ती नवागामात स्वतःच सांगायची. म्हणे, एकदा डासानं दंडात सोंड खुपसली ती आतच अडकली. बिचारा तीन दिवस तिथंच बिऱ्हाड करून राहिला! म्हणून तिच्या पायाच्या नसेत गाठ झाली न् डॉक्टरनं रक्त पातळ करायची गोळी दिली, तेव्हा गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही.

हादरला तो तिचा मुलगा सुकलाल. रक्त पातळ, म्हणजे वरणात तांब्याभर पाणी ओतल्यागत! सुई टोचली तर धार थांबायचीच नाही. त्यानं शिलाई मशीनचा पट्टा काढला, खिशात घातला न् बमरोलीला कापडाच्या लूमवर कामाला निघून गेला.

चाळीस वर्षं ब्लाउज शिवणारी बाई ती. दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी पोराला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

"पल्लवीबेन, याच्यासमोर सांगा. गोळी न् मशीन, दोन्ही चालंल ना?"

डॉक्टरीण हसली. "आजी, रक्त काही पाणी होत नाही. गोठायला जास्त वेळ घेतं, एवढंच. नसेला आतून पेशींचं अस्तर असतं..."

"अस्तर? मग असं बोला की! अस्तराचा धागा उसवला, की सगळं त्यातच अडकतं."

"तसंच. न् गाठ धरताना रक्तात जे तयार होतं, ते अस्तराला अजून चिडवतं. गोळी त्याला आवरते."

"म्हणजे गोळी अस्तर शिवते?"

"तेवढं नाही. प्रयोगशाळेत पेशी शांत झालेल्या दिसल्यात. माणसात किती, ते अजून शोधतायत."

"पण सुई टोचली तर?" सुकलाल मधेच बोलला.

"कपडा दाबून धरायचा, थोडा जास्त वेळ. डोक्याला मार लागला तर मात्र लगेच यायचं. शिवण सोडायचं कारण नाही."

तरी घरी येऊन पठ्ठ्या म्हणतो, "पट्टा देणार नाही."

भागीरथीनं दारात बसून हातानंच हुक लावायला घेतले. पाचव्या हुकाला सुई बोटात गेली.

"काय करी ऱ्हायनी, माय!" सुकलाल ओरडला.

"बोंबलू नको. चहा ठेव." तिनं चिंधी दाबून धरली. चहा उतू जाईपर्यंत रक्त थांबलं. तिनं गोळी तोंडात टाकली न् हात पुढं केला. "आण पट्टा."

"नाही दिला तर?"

"तर सांगीन गल्लीत, थेंबभर रक्त पाहून सुकलालला चक्कर आली न् मी त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात नेलं."

सुकलालचा हात खिशात गेला.