ओल्या बोटाची मोजणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची डबी आहे. तळहातावर मावेन एवढी, गोल, बिनझाकणाची. माझ्या पोटात ओला स्पंज असतो. कागद मोजणाऱ्याने त्यावर बोट टेकवायचं, ओलं करायचं आणि मोजायला लागायचं. एवढंच माझं काम. हसू नका. कोरड्या बोटाला चिकटलेले दोन कागद कळत नाहीत, आणि दोनाचा एक मोजला जातो.

मी काचेच्या कारखान्यात जन्मले. साच्यातून निघताना माझ्या तळाशी हवेचा एक बुडबुडा राहिला, तो अजून आहे. तिथून या शाळेच्या शिक्षकखोलीत आले, ती गणिताच्या बाईंच्या टेबलावरच. उत्तरपत्रिका, दाखले, हजेरीचे कागद, सगळं माझ्यासमोर मोजलं गेलं. बाई सकाळी आल्या की आधी माझ्यात पाणी घालत, मग स्वतः पीत. इतके लाड कुणाचे होतात?

निवडणूक आली की बाईंना मतमोजणीच्या कामाचं पत्र येई, आणि त्या मला पर्समध्ये घालून नेत. गेल्या वेळी त्यांच्यासमोर आमच्याच शाळेचे खेळाचे सर बसले होते. सरांनी पन्नास-पन्नास मतपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे आणि बाईंनी ते तपासायचे. सरांचा पक्ष जिंकत होता. त्या खुशीत त्यांना बोट ओलं करायचंही भान नव्हतं. बाईंना मात्र तो पक्ष यायला नको होता. कारण त्या पक्षाचे पुढारी भरसभेत म्हणाले होते, 'आम्ही आलो की सारख्या सारख्या निवडणुकांचं हे खूळ बंद करू.'

तेवढ्यात सरांनी बांधलेल्या, त्यांच्याच पक्षाच्या मतांच्या एका गठ्ठ्यात बाईंना एकावन्न पत्रिका लागल्या. म्हणजे जिंकणाऱ्यांचंच एक मत मोजणीतून गळत होतं. बाईंचं बोट माझ्यावर टेकलं आणि तिथेच थांबलं. त्या गप्प बसल्या असत्या तर कोण विचारणार होतं?

"सर, यात एकावन्न आहेत," त्या म्हणाल्या. "तुमचं एक राहून जातंय. परत मोजा."

सर ओशाळले. "बाई, तुम्ही तर आमच्या बाजूच्या नाही."

"मोजताना मी कुणाच्याच बाजूची नसते. बोट ओलं करा आधी."

संध्याकाळी निकाल लागला. ते हजारोंनी जिंकले, त्या एका मताने काहीच फरक पडला नाही. परत आल्यावर बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि माझ्याशेजारी डोकं टेकलं. "थकले गं," त्या म्हणाल्या. खोलीत मी सोडून कुणी नव्हतं. "ही शेवटची मोजणी तर नसेल ना?"

त्यानंतर मला वाईट दिवस आले. बाई पाणी घालायला विसरू लागल्या, मग घालेनाशाच झाल्या. कुणीतरी मला खिडकीत ठेवलं, कुणी माझ्यात टाचण्या टाकल्या. स्पंज वाळून कडक झाला. मला फार वाईट वाटलं, पण बाईंचा राग आला नाही. त्या वर्तमानपत्र उघडत, पहिलं पान वाचत आणि घडी घालून ठेवत. खोलीतली माणसं हळू आवाजात बोलू लागली होती. पुढची निवडणूक एकदा लांबली, मग आणखी एकदा. नंतर तारखा सांगणंच बंद झालं.

एका दुपारी खेळाचे सर बाईंच्या टेबलापाशी येऊन घुटमळले.

"बाई, मोजणीचं पत्र आलं का तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला?"

"मलाही नाही." मग खाली बघत म्हणाले, "मी त्यांनाच मत दिलं होतं."

"माहीत आहे. मीच मोजलंय."

सर कसनुसं हसले. त्यांनी मला खिडकीतून उचललं, टाचण्या काढल्या आणि पाणी घातलं. वाळलेला स्पंज पाणी घेईना. ते अंगठ्याने दाबत राहिले, तेव्हा कुठे तो जरा मऊ झाला.

बाई बघत होत्या. "एकदा घालून भागत नाही, सर," त्या म्हणाल्या. "रोज घालावं लागतं."

आता सकाळी दोघांपैकी जो आधी येईल तो माझ्यात पाणी घालतो. पत्र अजून आलेलं नाही. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी डबी असेल तर तिच्यात टाचण्या ठेवू नका, तिला ओली ठेवा. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही, आणि आलंच तर त्या दिवशी स्पंज भिजवत बसायला वेळ नसतो.