बिनचरबीचा पाहुणचार

औंधच्या रस्त्याला कृष्णातचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन चुली आणि लिंबाखाली आठ टेबलं. पण तिथल्या मटणाची तर्री खायला कराडवरनं माणसं यायची. रश्श्यावर बोटभर तेल तरंगलं नाही, तर पाहुण्याला आपला अपमान झाल्यासारखं वाटतं, असा हा मुलूख. कृष्णातनं तीस वर्षांत कुणाचा अपमान होऊ दिला नव्हता.

अशा माणसापुढं अंकितानं एक कागद ठेवला. अंकिता ही नानासोंची नात, पुण्यात आहारतज्ज्ञ. आणि नानासो म्हणजे तालुक्याचे पुढारी. निवडणूक हरले तरी मागं बारा गाड्या असायच्याच. गेल्या महिन्यात त्यांच्या काळजाच्या नळीत स्टेंट बसला, आणि नातीनं त्यांचं मटण बंद केलं. कागदावर लिहिलं होतं: फार्मवरचं बटेर. कातडं काढून. चरबी नावाला, प्रोटीन आणि लोह भरपूर. तेल दोन चमचे.

"दोन चमचे म्हंजी माणशी?" कृष्णातनं विचारलं.

"अख्ख्या भांड्याला, काका."

कृष्णातला घामच फुटला. पण नाही म्हणायची सोय नव्हती. दिवाळीनंतर अंकिताचं लग्न होतं, आणि त्या लग्नाचा स्वयंपाक कुणी करायचा हे नानासो रविवारच्या जेवणावर ठरवणार होते. एका बाजूला पुण्याचा केटरर, ज्याची वाढपी पोरं कोट घालून हिंडतात. दुसऱ्या बाजूला आपला कृष्णात. तालुक्यातलं सगळ्यात मोठं लग्न एकदा तरी आपल्या हातचं जेवावं, ही त्याची लय दिवसांची हौस होती. ती आता अडली होती मूठभर पाखरावर.

वडूजला इलियासचा बटेरांचा फार्म. तिथनं कृष्णात डझनभर घेऊन आला. निघताना इलियासनं बजावलं, "अण्णा, ह्याला कोंबड्यागत शिजवू नका. ह्याच्या अंगात चरबी न्हाई. जादा ठेवलं की चिवट हुतंय."

कृष्णातनं मान डोलावली, आणि घरी येऊन कोंबड्यागतच शिजवलं. चांगलं दीड तास! त्याची बायको बनुबाई हिनं एक तंगडी तोंडात घातली, चावत राहिली, शेवटी जबडा धरून म्हणाली, "आवं, ह्यापरीस तुमची पायताणं शिजवा की. त्यास्नी तेल तरी लावलंय."

चार दिवस असेच गेले. शेवटी जमलं. दही, आलं-लसूण आणि भाजलेल्या तिळाचं वाटण लावून चार तास मुरवायचं, मग जाड बुडाच्या पातेल्यात झाकण घालून अठरा मिनिटं. चौदाव्या मिनिटाला हाडापाशी कच्चं, पंचविसाव्याला लाकूड. आता बनुबाई गप बसून खायला लागली, तेव्हा कृष्णातला धीर आला.

पण खरी अडचण पुढंच होती. नानासो कधी वेळेवर आलेच नव्हते. बाराचं आवतण म्हणजे तीन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जो उशिरा येतो तो मोठा, असा आपल्याकडचा हिशेब. मटण बिचारं थांबायचं. निखाऱ्यावर जेवढं थांबेल तेवढं चवीला चढायचं. नानासोंचा मोठेपणा इतकी वर्षं खरं तर मटणानंच सांभाळला होता. बटेर काही तसला कार्यकर्ता नव्हता.

रविवारी अकरालाच नानासोंचा उजवा हात जयराज, त्याचा फोन आला. "साहेब निघाले. टाक."

कृष्णातनं काही टाकलं नाही. एक वाजता पुन्हा फोन, "वाटंतच हाय." दोनला, "आलोच." आणि तीन वाजता धुरळा उडवत बारा गाड्या आल्या.

नानासो ताटावर बसले, शेजारी अंकिता. ताट रिकामं.

"वाढ की रं."

"साहेब, आत्ता टाकतो. अठरा मिनिटं लागतील."

"खुळा का काय तू?" जयराज ओरडला. "साहेबास्नी थांबवतोस व्हय?"

कृष्णातनं पातेलं चुलीवर चढवलं. "मी कितीबी थांबंन. ह्या पाखराला थांबता येत न्हाई."

पुढची अठरा मिनिटं कुणाला कशी काढावी तेच कळेना. नानासो घड्याळाकडं बघायचे, कार्यकर्ते झाडाच्या शेंड्याकडं. साहेबांच्या स्टेंटपासून या सगळ्यांनी निष्ठेपोटी मटण सोडलं होतं. त्यातले दोघे तेवढ्यात फोन आल्याचं निमित्त करून ड्रायव्हर लोकांच्या टेबलाकडं सरकले, जिथं तर्रीचा रस्सा चालला होता.

मग बटेर आलं. नानासोंनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. एक, दोन, तीन, चार पाखरं झाली. हाडं चोखून त्यांनी ताटाच्या कडेला मांडली.

"आईशप्पत, कृष्णात! ह्यात चरबी न्हाई म्हणून सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाई."

"पुण्यातसुद्धा एवढं मऊ मिळत नाही, काका," अंकिता म्हणाली.

कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाच्या पंगती त्याला तिथंच दिसायला लागल्या.

हात धुऊन नानासोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला चुलीपाशी बाजूला नेलं. "जेवान एक नंबर झालं, गड्या. पण लग्नाचं काम पुण्यावाल्याला देतोय."

"का वं साहेब? काय चुकलं?"

"चुकलं काय न्हाई. पण लग्नाला मंत्री येणार. ते माझ्यापरीस उशिरा येत्यात. पुण्यावाल्याकडं अन्न गरम ठेवायच्या पेट्या हायत, तो कवाबी वाढतोय. तू मंत्र्यालाबी रिकाम्या ताटावर बसवून ठेवशील."

दारातनं बनुबाई खुणा करत होती, न्हाई म्हणा, न्हाई म्हणा. एक शब्द खोटा बोलला असता तर लग्न हातात होतं. तो बोलायलाही गेला, पण तीस वर्षं चव राखलेली जीभ तिकडं वळेना.

"ठेवीन," तो म्हणाला. "मंत्री आला म्हणून पाखराला चरबी चढत न्हाई, साहेब."