चार बोटे बाहेरची भिंत

मित्रांनो, वजनाला पावशेर, अंगाने पितळी आणि नाकाला टोकदार असा मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ आहे की कललेली, हे पाहायला गवंडी तिच्या माथ्यावरून दोरीला बांधलेले एक वजन सोडतात ना, तेच मी. लोंबकळणे हा माझा धंदा. एकदा स्थिर झालो की मी खरे तेच दाखवतो. थोरामोठ्यांची भिंत म्हणून मी कधी तसूभरही सरकलो नाही. याचा मला फार गर्व होता. आता तो उरलेला नाही.

चिपळुणात एका कारागिराने मला ओतले आणि लेथवर घासून गुळगुळीत केले. दापोलीकडच्या एका गवंड्याने मला विकत घेतले. पुढे त्याचा मुलगा जाफर सौदीला निघाला, तेव्हा म्हाताऱ्याने मला त्याच्या पिशवीत घातले.

"अब्बा, तिथं सगळी मशिनं असतात," जाफर म्हणाला.

"असू देत. मशीन बंद पडतं, हा पडत नाही."

मक्केत आम्ही दहा वर्षे हॉटेलांच्या भिंतींवर राबलो. मग जेद्द्याजवळच्या एका लहान शहराच्या बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाफर बांधकामे तपासायला लागला. ते माझे सुखाचे दिवस होते. मी दाखवायचे आणि जाफरने लिहायचे. आमच्या दोघांच्या सांगण्यावरून तीन कलत्या भिंती पाडल्या गेल्या, आणि मालकांच्या शिव्या मात्र एकट्या जाफरने खाल्ल्या.

त्याच शहरात नसरुद्दीनचे शिवणकामाचे दुकान होते. नसरुद्दीन जाफरच्याच गावचा, लंगोटीयार. दर शुक्रवारी दोघे एका ताटात जेवत. दुकान गल्लीत, एका जुन्या गोदामाच्या भिंतीला टेकून होते. एके दिवशी जाफरने त्या भिंतीवरून मला सोडले. वर दोरी भिंतीला चिकटलेली आणि खाली मी भिंतीपासून चार बोटे लांब. भिंत गल्लीकडे झुकली होती.

"नसरू, दुकान हलव इथून," जाफर म्हणाला.

नसरुद्दीन हसला. "तू बलदियात आहेस ना? तू भिंत पाडायला लावशील. मग मी कशाला हलू?"

जाफरने गोदामाच्या मालकाला नोटीस काढली आणि फाइल उघडली. मालक ढिम्म हलला नाही.

त्याच सुमारास विमा कंपनीचे लोक येणार असल्याचे कळले. मित्रांनो, ही मंडळी भिंती बघत नाहीत, भिंती बघणाऱ्यांना बघतात. तपासनीस किती, शिकलेले किती, यंत्रे किती, अर्धवट फायली किती, असे विचारून ती नगरपालिकेला श्रेणी देतात. श्रेणी चांगली आली की शहरातल्या इमारतींचा विमा स्वस्त होतो. झाले, कागदी घोडे सुटले! लेझरची चार नवी यंत्रे आली आणि खोक्यातच राहिली. माझे नाव यादीत नव्हते. मला खणात टाकले.

फायलींचे काम अनुराग सरांकडे होते. ते नाशिकचे इंजिनिअर, माणूस तसा वाईट नव्हता. त्यांनी जाफरला बोलावले.

"जाफरभाई, तुमची ती गोदामाची फाइल उघडी आहे. एवढ्या एका फाइलवर श्रेणी अडेल."

"सर, भिंत चार बोटं बाहेर आहे."

"भिंत अजून पाच वर्षं हलणार नाही. फाइल आज बंद व्हायला हवी. सौदीकरण चाललंय, बाहेरच्या लोकांच्या जागा कमी होतायत. श्रेणी आली तर तुमच्या इकाम्यासाठी मला भांडता येईल."

जाफरचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता. त्याने खण उघडून माझ्याकडे पाहिले आणि खण लावून घेतला. मग सही केली. 'तपासणी पूर्ण, भिंत सुरक्षित.'

त्या शुक्रवारी नसरुद्दीनने विचारले, "काय झालं भिंतीचं?"

"चाललंय," जाफर म्हणाला आणि घास गिळला. खणातून काढून त्याने मला खिशात टाकले होते. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो.

श्रेणी वाढली. जाफरच्या इकाम्याची मुदतही वाढली. कार्यालयात कुनाफा नावाची तिकडची मिठाई वाटली. चार महिन्यांनी तपासनिसांच्या सगळ्या जागा सौदी माणसांना द्यायचा हुकूम आला. अनुराग सर भांडलेही असतील, पण उपयोग झाला नाही. जाफरच्या जागी हम्माद नावाचा इंजिनिअर आला. पोरगा हुशार आणि कष्टाळू. पण फाइलवर 'सुरक्षित' लिहिलेले असताना त्याने त्या गल्लीत कशाला जावे?

आम्ही गावी परतलो. नोव्हेंबरात तिकडे तासाभराचा जोराचा पाऊस झाला आणि भिंत गल्लीत आडवी झाली. नसरुद्दीन मशीनवर बसलेला होता. त्याचा तिथेच शेवट झाला.

आणि श्रेणी? ती तशीच राहिली, मित्रांनो. त्यांच्या तक्त्यात पडलेल्या भिंतीचा रकानाच नव्हता.

वर्षभराने नसरुद्दीनच्या बायकोने, इस्मतने, गावातल्या घरामागे चिऱ्याची नवी खोली बांधायला काढली. तिने जाफरला बोलावले.

"जाफरभाय, भिंत सरळ आहे का तेवढं बघा. सुहानाचे अब्बा नेहमी म्हणायचे, जाफरने बघितलं की काळजी नाही."

तिला फाइलचे ठाऊक नव्हते. जाफर शिडीवर चढला. त्याने मला भिंतीवरून सोडले. मित्रांनो, मला स्थिर व्हायला हात स्थिर लागतो. जाफरचा हात थरथरत होता. मी इकडून तिकडे, तिकडून इकडे हेलकावतच राहिलो. इस्मत खाली उभी राहून वाट बघत होती.

"सरळ आहे ना?"

"आहे," जाफर म्हणाला आणि मला वर ओढून घेतले.

तेव्हापासून मी खुंटीला टांगलेला आहे. मला पुसा, तेल लावा, असे मी सांगणार नाही. पितळेला काय होते! ज्याच्या हातात दोरी असते त्या माणसाला जपा, त्याला खोटे लिहायला लावू नका. पण हे मी कुणाला सांगतो आहे, कोण जाणे.

त्या खोलीत आता इस्मत आणि तिची लेक सुहाना निजतात. भिंत सरळ आहे का, ते मला ठाऊक नाही.