रोलर कुणी चालू ठेवला

थोरलीला मिळायची होती एक खुर्ची. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरी मोजून देण्याच्या खिडकीमागची, पाठ टेकता येणारी, पंख्याखालची. पायांच्या शिरा फुगलेल्या बाईला अशा खुर्चीपुढे सिंहासनही फिकं वाटावं. वर रविवारची सुट्टी, म्हणजे चर्चमध्ये उपासनेत डुलक्या न घेता बसता आलं असतं. तिनं हिशेब केला नव्हता असं समजू नका. भाविक माणसंही हिशेब करतात, फक्त डोळे मिटून करतात.

धाकटी तिची जाऊ. दोघी एकाच इस्त्रीच्या रोलरवर. पुढे उभी असेल ती ओली चादर उचलून आत सरकवणार, मागे असेल ती वाफाळती चादर ओढून घेणार. पुढे असेल तिनं सुटताना बटण बंद करायचं, हा नियम. आणि पुढे कायम थोरलीच. पण त्या दिवशी तिच्यानं ओले गठ्ठे उचलवेनात.

"सरका ताई," धाकटी म्हणाली. "आज मी उचलते. इथे आडव्या झालात तर तुम्हालाही रोलरमधून काढावं लागेल मला."

जागा बदलल्या, हातांच्या सवयी मात्र बदलल्या नाहीत. धाकटीच्या हाताला बटण ठाऊक नव्हतं. थोरलीला वाटलं, आज पुढे ती आहे, ती बघेल. वर्षानुवर्षं न बोलता काम उरकणाऱ्या बायकांच्याच हातून होते अशी चूक. रोलर तापत राहिला आणि सकाळी त्याच्यावरच्या जाड कापडाचा कोळसा झालेला.

मॅनेजरनं थोरलीला बोलावलं. "बाई, मला कुणाला तरी घरी पाठवावंच लागेल. तुमच्या जाऊबाई नुसत्या रडतायत. काल पुढे कोण होतं, एवढंच उद्या सांगा. मग खुर्ची तुमचीच."

काल पुढे धाकटी होती. हे खरं होतं. अगदी खरं आणि निम्मंच. आणि धाकटीच्या घरची चूल तिच्या एकटीच्या पगारावर पेटत होती.

थोरली घरी आली तेव्हा नवरा पलंगावर आडवा होता, कित्येक महिने असतो तसाच. पाठीचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं.

"विचारलंस का त्याला?" त्यानं छताकडे बोट केलं.

"कधीची विचारतेय. तुमची पाठ, आपलं पुढचं, आता हे. गप्प आहे."

"मग मला विचार. मी जवळचा."

"तुम्ही म्हणाल, खुर्ची घे."

"घे." त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "पण कशी मिळाली ते मला सांगू नकोस."

"हे बरं आहे तुमचं!"

ती पलंगाच्या कडेला टेकली. देवाशी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. "प्रभू," ती पुटपुटली, "तू पुढे चालतोयस असं धरून मी चालतेय. दिसत तर नाहीस. पाय भरून आलेत." आमेनच्या आधीच तिला डुलकी लागली.

सकाळीही उत्तर नव्हतं. पण जिना उतरताना तिला वाटलं, त्यानं सांगायचं ते केव्हाच सांगून ठेवलंय, एकमेकांची ओझी वाहा म्हणून. आपणच रोज नवं काहीतरी ऐकायला बसतो, जरा सोपं काहीतरी.

"परवा पुढे धाकटी होती," ती मॅनेजरला म्हणाली. त्यानं पेन उचललं.

"थांबा, लिहू नका. ती माझ्या जागेवर होती, माझे पाय चालेनात म्हणून. ते बटण इतकी वर्षं मी बंद करतेय, तिला कधी हात लावू दिला नाही. परवा मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चूक दोघींची. एकीलाच काढायचं तर मला काढा."

"अहो बाई, खुर्ची..."

"कळतंय हो. मला काय बसायला आवडत नाही?"

मॅनेजरही काही कच्चा नव्हता. दोघींना काढलं तर रोलरवर कोण उभं राहणार? त्यानं कुणालाच काढलं नाही. थोरलीला मात्र धुलाईच्या शेडमध्ये टाकलं, जिथे दिवसभर पाण्यात उभं राहावं लागतं. खुर्चीवर बसली ती रोलरला कधी हातही न लावलेली एक बाई.

धाकटी शेडमध्ये आली. "मला विचारायचं तरी, ताई. मी गेले असते घरी."

"गेली असतीस, आणि रोज जेवायला माझ्याकडे आली असतीस. त्यापेक्षा हे परवडलं."

धाकटी हसली, मग रडली, मग चादरी घेऊन गेली.

हिशेब असा लागला. मॅनेजरनं काही भरलं नाही. नव्या बाईनं तर नाहीच नाही. धाकटीची नोकरी राहिली. नवऱ्याची पाठ आहे तशीच आहे. भरलं थोरलीनं, पायांनी, रोज. आपण थोडंच भरतोय, मोठा वाटा प्रभूनं क्रुसावर आधीच भरून ठेवलाय, असं ती म्हणते आणि गमबूट उलटे करून पाणी झटकते.